बोका दे गार्सातली 'स'ची साथ

ओसिरिस आल्तामार बार्रांकिया शहरातून वाचा आणि श्रवणाचं शिक्षण घेऊन बोका दे गार्सा या आमच्या गावात परत आली, तेव्हा तिच्या आईला एकच कोडं पडलं होतं. ती माझ्या तळणाच्या गाडीवर आली आणि म्हणाली, "तुल्या, बोलायला शिकवायला सरकार पगार देतं म्हणे. अगं, आपल्या गावात गप्प बसायला शिकवणारी पाहिजे होती!"

माझी गाडी आरोग्य केंद्राच्या फाटकाशीच. अंडं भरलेल्या अरेपा, म्हणजे मक्याच्या जाड पुऱ्या, मी तिथे तळायला लागले त्याला आता जमाना झाला. आत जाणारा आणि बाहेर येणारा प्रत्येक माणूस माझ्याकडे थांबतो, त्यामुळे ओसिरिसचं सगळं मी जवळून पाहिलं.

तिला जी खोली मिळाली तिच्या एका बाजूला लशींचा फ्रीज होता आणि दुसऱ्या बाजूला दाताच्या डॉक्टरची खुर्ची. दाताचा डॉक्टर कधी आलाच नव्हता. तपासणीची वेळ झाली की फ्रीज घरघरायला लागायचा, म्हणून ती त्याची पिन काढायची. मग नर्स ओरडत यायची. शेवटी ओसिरिसने कान तपासायचं यंत्र उचललं आणि माणसांच्या घरी जायला सुरुवात केली. होडीत बसून नदीकाठच्या वस्त्यांवरही जायची. सुरुंग लावून मासे मारणारे कोळी अर्धे बहिरे झालेले, टाळू फाटलेली पोरं, अडखळत बोलते म्हणून शाळेतून काढून आणलेली एखादी मुलगी, असे तिचे पेशंट.

ऐकण्याची तपासणी म्हणजे कानाला हेडफोन लावायचे, आवाज आला की हात वर करायचा. पण आमची माणसं पडली भिडस्त. ओसिरिसने नुसतं वर पाहिलं तरी हात वर.

"काकू, मी तर आवाज सोडलाच नव्हता!"

"असू दे गं पोरी. तू इतकी आशेनं बघत होतीस, म्हटलं कशाला नाराज करा."

मग ती पेशंटला भिंतीकडे तोंड करून बसवायला लागली. तर त्यांच्या मागून पोरंबाळं, सुना, शेजारी खिडकीत उभे राहून, तिने यंत्राचं बटण दाबलं की खाकरायचे. आपल्या घरातलं माणूस नापास होता कामा नये ना! ओसिरिस चिडायची नाही. ती आधी खाकरणाऱ्यांचे कान तपासायची, त्यांना अरेपा आणायला माझ्याकडे पाठवायची, आणि मग कामाला लागायची. असं करत करत तिने बरीच माणसं सुधारली. ती अडखळणारी मुलगी पुढे लॉटरीची तिकिटं विकायला लागली, आणि तिच्याइतकं ओरडून विकणारं दुसरं कुणी नव्हतं.

तिच्या सगळ्या पेशंटांत तिचा जीव अडकला होता कास्तुलोकाकांत.

कास्तुलोकाका आमच्या धक्क्यावर भोंग्यातून लाँचची वेळ सांगायचे. आमच्या किनाऱ्याकडे शब्दातला 'स' कुणी धड उच्चारत नाही. शेवटी आला तर गिळतो, मध्ये आला तर त्याचा 'ह' करतो. पण लाँचच्या कंपनीचा मालक वर डोंगराकडचा. एक जरी 'स' गिळलास तर भोंगा काढून घेईन, असा त्याचा दम. त्यामुळे काकांनी ते दोन शब्द घासूनपुसून लख्ख करून ठेवले होते: "सेन्योरेस पासाखेरोस!" म्हणजे, प्रवासी मंडळी हो! दोन शब्दांत चार 'स', आणि चारही पार पलीकडच्या काठापर्यंत ऐकू जायचे. बाकीचं सगळं बोलणं मग आमच्यासारखंच.

एका सकाळी काकांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला, आणि बोलणं गेलं. उरले ते दोनच शब्द. पाणी हवं असलं की "सेन्योरेस पासाखेरोस". डास चावला की "सेन्योरेस पासाखेरोस". त्यांच्या बायकोने, नीनफाकाकूंनी, सूप पुढे ठेवलं आणि ते गरम असलं तर तेच, जरा वरच्या पट्टीत. त्यांना सगळं कळायचं. बोलायचं एक असायचं, आणि तोंडातून हे बाहेर पडायचं. मग ते स्वतःच कपाळावर हात मारून घ्यायचे. सख्ख्या भावाच्या शवपेटीपाशी उभे राहून ते जेव्हा तेच म्हणाले, तेव्हा मात्र कुणी हसलं नाही.

ओसिरिस रोज त्यांच्याकडे जायची. समोर बसून डाव्या हातावर ठेका धरायची. म्हणायची, "काका, आधी नवा शब्द नको. आधी जुना अडवायचा. तोंडाशी आला की ओठ मिटायचे." कित्येक महिन्यांनी काकांना ते जमायला लागलं. ते ओठ मिटून बसायचे, लालबुंद व्हायचे, डोळ्यांत पाणी यायचं, आणि मग हरून, हळूच, "सेन्योरेस पासाखेरोस."

"शाब्बास," ओसिरिस म्हणायची. "आज किती वेळ अडवलात!"

अशात राजधानीहून हुकूम आला. सरकारी खर्चाने वाचा-उपचार होतात त्या प्रत्येक गावात एकाच प्रकारची तपासणी करायची. सोबत चित्रांची पेटी. पेटीतली चित्रं म्हणजे राजहंस, कात्री, क्रूस, आणि बर्फावरून पायांना फळ्या बांधून घसरणारा माणूस. बर्फ आम्ही फक्त सरबतात पाहिलेला. प्रत्येक चित्राच्या स्पॅनिश नावात कुठे ना कुठे 'स' होता, आणि नियम एकच: 'स' स्वच्छ आला तर माणूस निरोगी, गिळला तर वाचादोष.

ओसिरिसने इमानाने सगळ्यांना बसवलं. मी नापास. पाद्रीबाबा नापास. शाळेतल्या बाई भाषा शिकवायच्या, त्या सपशेल नापास. घरी जाऊन रडल्या. नगराध्यक्ष वादिथ म्हणाले, "एह्तोय ओकुपाओ," म्हणजे कामात आहे, आणि तेवढ्या दोन शब्दांतच त्यांनी एक 'स' गिळला. शेवटी ओसिरिसने आरसा समोर ठेवून स्वतःची तपासणी घेतली. तीही नापास.

पास झाला एकच माणूस. राजहंस दाखवला, कास्तुलोकाका म्हणाले, "सेन्योरेस पासाखेरोस." कात्री दाखवली, "सेन्योरेस पासाखेरोस." एका 'स'च्या जागी चार चार, आणि तेही डोंगरातल्या माणसाने ऐकत राहावेत असे. ओसिरिसने निकालाच्या खाली लाल शाईने लिहिलं, की या माणसाला बोलता येत नाही, बाकीच्यांना काही झालेलं नाही, चूक तपासणीत आहे. राजधानीत तो मजकूर कुणी वाचला नाही. आकडे वाचले. अख्खं गाव वाचादोषाने आजारी, म्हणजे साथ! मंत्रालयाने आमच्यावर वाचा-आणीबाणी जाहीर केली.

मग लाँच भरून पथक आलं. त्याचे प्रमुख डॉक्टर उर्दानेता, डोंगराकडचे. उन्हाच्या तडाख्यातही लोकरीचा कोट, आणि स्वभावाने फार सरळ. आल्या आल्या माझ्या गाडीवर त्यांनी "दोस", म्हणजे दोन, अरेपा मागितल्या, शेवटच्या 'स'ला अशी शीळ घातली की माझं कुत्रं उठून बसलं.

त्यांनी विहिरींचं पाणी बाटल्यांत भरलं. डासांमुळे असेल म्हणून गावभर धूर सोडला; डास गेले नाहीत, कोंबड्या मात्र दोन दिवस खोकत होत्या. माशातून पसरतं की काय म्हणून मासे बंद करून पाहिले, पण हा हुकूम कुणी पाळलाच नाही, कारण तसं केलं असतं तर खायचं काय? लाकडी पट्टीने सगळ्यांच्या जिभा मोजल्या. आमच्या दाराशी बांधलेल्या खेचराचीही मोजली. का, असं मी विचारलं तर एक सहायक म्हणाला, "तुलनेसाठी, बाई."

नगराध्यक्ष वादिथ यांचा आनंद मात्र मावत नव्हता. आणीबाणी लागली म्हणून गावाला मोटरची रुग्णवाहिका-होडी मिळाली, जनरेटर मिळाला, केंद्रात छताचे पंखे लागले. ह्या सगळ्यासाठी त्यांनी पूर्वी अर्ज करून करून बोटं झिजवली होती. चौकात त्यांनी सभाच घेतली. "बाबांनो, बायांनो," ते म्हणाले, "तुमच्या तोंडाने गावाचं भलं झालंय. तेव्हा नीट बोलून घात करू नका. उद्या कुणी बरा झाला, तर माझ्याशी गाठ आहे!"

एवढं झालं ते ठीक. पण मग डॉक्टरसाहेबांना निकालात एकमेव निरोगी माणसाचं नाव सापडलं. ते स्वतः कास्तुलोकाकांच्या घरी गेले. काकांनी खुर्चीवरून उठून, टोपी काढून त्यांचं स्वागत केलं: "सेन्योरेस पासाखेरोस!"

डॉक्टरांचे डोळे भरून आले. घर सोडून आल्यापासून असा 'स' त्यांनी ऐकलाच नव्हता.

दुसऱ्या दिवशी कास्तुलोकाकांची गावाचे वाचा-शिक्षक म्हणून नेमणूक झाली. त्यांना छातीवर लावायचा बिल्ला मिळाला आणि त्यांचा जुना भोंगाही. सकाळी सगळ्या गावाने धक्क्यावर रांगेत उभं राहायचं, काका म्हणतील ते म्हणायचं. काका काय म्हणणार? "सेन्योरेस पासाखेरोस!" आणि आम्ही शेकड्यांनी माणसं, पोटाशी पिशव्या धरून, उन्हात घामाघूम होऊन, "सेन्योरे पाहाखेरो!"

नदीतून जाणाऱ्या लाँचवाल्यांना वाटायचं, आपल्यालाच बोलावतायत. काही लाँच धक्क्याला लागायच्या. मग उतारू सामानासकट उतरायचे, चुकीच्या गावात उतरलो म्हणून भांडायचे, परत चढायचे. एक आजी उतरली ती उतरलीच. तिला आमचं गाव आवडलं. म्हणाली, इथे स्वागत तरी होतं.

काकांना सुरुवातीला भोंगा हातात घेऊन बरं वाटलं असावं. पण एका सकाळी ते भोंगा तोंडाशी नेऊन उभे राहिले आणि त्यांनी ओठ घट्ट मिटले. ओसिरिसने शिकवलं होतं तसं. जुना शब्द अडवून धरत होते. डॉक्टर मागून हलक्या आवाजात म्हणाले, "चला, चला, लाजू नका." काकांचा चेहरा लाल झाला, आणि ते हरले. सगळं गाव त्यांच्यामागून ओरडलं. ओसिरिस रांगेत माझ्या शेजारी उभी होती. तिने तोंड उघडलं नाही.

त्याच दुपारी ती डॉक्टरांच्या खोलीत गेली. पंखा नवा होता, दार सताड उघडं. मी अरेपा घेऊन गेले होते, सगळं ऐकलं.

"साहेब, कास्तुलोकाका माझे पेशंट आहेत. त्यांना मला परत द्या."

"पेशंट? बाई, ते गावातले एकमेव निरोगी आहेत. निरोगी माणसावर सरकारी उपचार करता येत नाहीत. मी त्यांचं नाव तुमच्या यादीतून काढलंय."

"त्यांना पाणी मागता येत नाही हो!"

"पण 'स' पाहिलात त्यांचा?"

"साहेब, माझं ऐका. त्यांना दोनच शब्द येतात."

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. माणूस वाईट नव्हता, हे मी अजूनही म्हणते. ते म्हणाले, "नियमात शब्द किती येतात असा प्रश्नच नाहीये. तो प्रश्न मी कुठे लिहू, ते सांगा. ज्या दिवशी ते 'स' गिळतील, त्या दिवशी मी त्यांना आजारी ठरवीन. तोपर्यंत माझे हात बांधलेले आहेत."

ओसिरिस बाहेर आली ती तरातरा. माझ्याजवळ थांबली, एक अरेपा उचलून दोन घासांत संपवली आणि म्हणाली, "तुल्या, आता मला एका धडधाकट माणसाला आजारी पाडायचंय."

नीनफाकाकूंच्या स्वयंपाकघरात शिकवणी सुरू झाली. केंद्रात बंदी, म्हणून घरी. काम उलटं होतं. पोरांना 'स' काढायला शिकवणारी ओसिरिस एका म्हाताऱ्याला 'स' गिळायला शिकवत होती. "काका, सेन्योरे... इथे थांबा. गिळा. घोट घेतल्यासारखं." काका बघत राहायचे. त्यांचा त्या चार 'स'वर फार जीव होता. आयुष्यभर त्यांच्यामुळेच धक्क्यावर मान मिळाला होता. नकारार्थी मान हलवून ते मुद्दाम आणखी लख्ख म्हणायचे.

"हट्टी मेला," नीनफाकाकू म्हणायच्या. "लग्नातही असाच उभा होता. पाद्री विचारतोय काय, हा बघतोय कुठे."

ओसिरिस मला एकदा समजावून सांगत होती. म्हणे, ते दोन शब्द काका बोलत नाहीत, ते आपोआप सांडतात. त्यातलं एक अक्षर जरी त्यांनी आपल्या मनाने बदललं, तरी ते खरं बोलणं ठरेल. म्हणजे डॉक्टरांना फसवण्यासाठी जे करायचं, तेच औषध होतं. ती ते सांगताना हसत होती, पण रोज संध्याकाळी त्या घरातून निघताना तिचे खांदे पडलेले असायचे. काही आठवडे काहीच झालं नाही.

आणि मग मासा जळला.

त्या दिवशी मी तिथे तेल द्यायला गेले होते. नीनफाकाकूंनी कढईत मासा टाकला आणि त्या माझ्याशी बोलत बसल्या, तिसऱ्या घरच्या सुनेविषयी. ओसिरिस काकांच्या हातावर ठेका धरत होती. कढईतून काळा धूर निघायला लागला. आमच्या तिघींची पाठ तिकडे. काकांना मात्र दिसत होतं. त्यांनी डावा हात उचलला. "सेन्योरे..." आणि ओठ मिटले. शब्द अडवला. मान ताठ, शिरा फुगलेल्या. आणि मग, "पेह्काओ! पेह्काओ!"

मासा! आणि तोही अस्सल आमच्या बोलीतला, 'पेस्कादो'तल्या मधल्या 'स'चा साफ 'ह' केलेला.

कुणीच हललं नाही. नीनफाकाकू कढईकडे न बघता नवऱ्याकडे बघत उभ्या. काका कढईकडे बोट दाखवून ओरडतायत, "पेह्काओ!", आणि काकू रडत रडत म्हणतायत, "हो रे राजा, पेह्काओ, हो, हो." मासा पुरता कोळसा झाला. तो कुणी उतरवला नाही. शेवटी काकांनीच डाव्या हाताने कढई ढकलून दिली आणि कपाळाला हात लावला, की काय बायका आहेत.

पुढच्या तपासणीला अख्खं गाव चौकात जमलं. डॉक्टर उर्दानेतांनी आपल्या लाडक्या शिक्षकाला समोर बसवलं, आणि ओसिरिसने पेटीतून चित्र काढलं. पेटीत मासाही होता, काळा-पांढरा, डोंगरातला कसलासा. काकांनी त्याच्याकडे तुच्छतेने पाहिलं.

"पेह्काओ," ते म्हणाले.

डॉक्टरांच्या हातातली पेन्सिल थांबली. "पुन्हा म्हणा."

"पेह्काओ."

"'स'! मधला 'स' कुठे गेला?"

काका विचार करून म्हणाले, "पेह्काओ."

आमचं गाव आनंदाने ओरडलं. टोप्या उडाल्या, पाद्रीबाबांनी चक्क शीळ घातली. डॉक्टर बिचारे खुर्चीत कोसळले. शेवटचा निरोगी माणूसही साथीला बळी पडला होता, आणि लोक नाचत होते. ओसिरिस त्यांच्याजवळ गेली, पाण्याचा ग्लास पुढे केला आणि म्हणाली, "साहेब, आता ते आजारी ना?"

"हो," ते खोल आवाजात म्हणाले. "दुर्दैवाने."

"मग उद्यापासून केंद्रात आणते त्यांना."

त्यांनी मुकाट्याने सही केली. भोंगा जमा करून घेतला.

साथ शिक्षकालाही लागते, म्हणजे संसर्ग आहे, हे त्यांच्या मनाने घेतलं. पण खरा धक्का पुढे बसला, आणि तो माझ्या गाडीपाशी. सकाळी ते नेहमीसारखे आले, कोट केव्हाच सुटला होता, पायात चपला. म्हणाले, "तुल्या, दो अरेपा."

मी दोन काढल्या. ते तसेच उभे. चेहरा पांढराफटक. "मी काय म्हणालो?"

"दो म्हणालात, साहेब."

"दो." त्यांनी पुन्हा करून पाहिलं. "दो... दोस. दो." मग तोंडावर रुमाल धरून ते दोन पावलं मागे सरले. माझ्यापासून की स्वतःपासून, ते त्यांनाही कळलं नसावं.

ओसिरिसने त्यांची समजूत घालायचा पुष्कळ प्रयत्न केला. "अहो, हा रोग नाही. इथे राहिलात, आमच्यात बसलात, मासे खाल्लेत. जीभ माणसांत रमते."

"पण बाई, घरी बायको काय म्हणेल?" ते खरोखर रडकुंडीला आले होते.

त्यांनी मंत्रालयाला फोन लावला. पलीकडच्या साहेबाने त्यांचं निम्मं वाक्य, गिळलेल्या 'स'सकट, ऐकूनच पथकाला परत बोलावलं. उर्दानेता लाँचच्या अगदी टोकाला, इतरांपासून लांब, तोंडाला रुमाल बांधून बसले. निघताना त्यांनी कास्तुलोकाकांना हात केला. काकांनी ओठ मिटले, बराच वेळ मिटून धरले, आणि मग नुसताच हात हलवला. ओसिरिसला त्याचा फार आनंद झाला.

आणीबाणी उठवायला मात्र कुणी परत आलं नाही. कागदोपत्री आम्ही आजही साथीत आहोत. साथीच्या गावाला वाचा-उपचार बंद करता येत नाहीत, म्हणून पुढे आजूबाजूच्या गावांतल्या जागा सरकारने काढून घेतल्या तरी ओसिरिसची राहिली. आता ती त्या मोटरच्या होडीतून त्या गावांनाही जाते. केस पांढरे झालेत, आणि यंत्र नवं आहे. लग्न तिने उशिरा केलं, होडीच्या मोटरी दुरुस्त करणाऱ्या माणसाशी. त्याचे कान तपासता तपासता जमलं म्हणतात.

कास्तुलोकाका आणखी बरीच वर्षं जगले. ओसिरिस रोज बसायची. शब्द एकेक करून आले, पण स्वतःच्या क्रमाने: माशानंतर मीठ, मग उकाडा, मग एक अशी शिवी की पाद्रीबाबांनी कानावर हात ठेवले. बायकोचं नाव त्याच्याही नंतर आलं. एके दुपारी नीनफाकाकू अंगणात कपडे वाळत घालत होत्या, आणि आतून हाक आली, "नीनफा."

त्या ओला सदरा हातात धरून दारात आल्या. "आत्ता आठवले होय मी? मासा झाला, मीठ झालं, शिवी झाली, मग बायको?"

काकांनी हसून खुर्ची पुढे सरकवली. काकू बसल्या, आणि त्यांनी ते नाव संध्याकाळपर्यंत पुन्हा पुन्हा म्हणायला लावलं.